एका करड्या शिपायाचा स्नेह

शिपाईगड्याविषयीं आम्हां मास्तर लोकांचें मत फारसें चांगलें नसतें, हें आरंभींच कबूल करून टाकलेलें बरें. इतिहासाच्या तासाला हाच शिपाई आम्हांस देवासारखा वाटतो. पावनखिंडींत तो उभा राहिला कीं आमचा गळा दाटून येतो आणि समोरच्या मुलांचेंहि भान हरपतें. परंतु तोच निवृत्त होऊन शेजारच्या बिऱ्हाडांत राहावयास आला, पहाटे पांचाला त्यानें दार आपटलें आणि 'काय मास्तर, अजून अंथरुणांतच?' असें जिन्यावरून विचारलें, म्हणजे आमची वीरपूजा तेथेंच संपते. पुस्तकांतला वीर पूज्य आणि जिन्यावरचा वीर असह्य, असा हा आमचा न्याय. या न्यायांत कांहीं खोट आहे ही गोष्ट आम्हांस साठी उलटल्यावर कळली. आणि ती शिकविणारा गुरु भेटला तो एका इंग्रजी विज्ञानकथेच्या मालिकेंत. त्याची हकीकत वाचकांस सांगावी म्हणून हा लेख.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या पुतण्याचा मुलगा घरीं आला, तो एक वेड बरोबर घेऊनच आला. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं तो दिवाणखान्यांत पडदा उजळी आणि 'डॉक्टर हू' नांवाच्या मालिकेचे जुने भाग एकामागून एक लावी. पहिले दोन दिवस मुलांखेरीज तिकडे कोणी फिरकलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं आमच्या वहिनी वाती वळावयाचें तबक घेऊन दाराशीं बसल्या. चौथ्या दिवशीं आम्ही वर्तमानपत्र घेऊन आरामखुर्चीवर बसलों. आणि त्या वर्तमानपत्राच्या वरच्या कडेवरून पाहतां पाहतां, आठवड्याच्या अखेरीस तें कोठें गेलें याचीहि आम्हांस शुद्ध राहिली नाहीं.

ज्यांस ही मालिका ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. बी. बी. सी. या ब्रिटिश संस्थेनें ती २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं सुरू केली. १९८९ सालीं ती थांबली आणि २००५ सालीं पुन्हां नव्यानें सुरू झाली. तिच्या अगदीं पहिल्या कथेचें दिग्दर्शन करणारे वारिस हुसेन हे १९३८ सालीं आपल्या लखनौस जन्मलेले. तेव्हां तिच्या पायाभरणींत चिमूटभर माती हिंदुस्थानची आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं. कथानायक 'डॉक्टर' हा परग्रहावरील प्रवासी. बाहेरून इंग्लंडांतल्या जुन्या निळ्या पोलिसपेटीसारखें दिसणारें, आंतून मात्र वाड्याहून प्रशस्त असें एक यान त्याच्यापाशीं आहे. त्यांत बसून तो भूतकाळांत वा भविष्यकाळांत संचार करतो. मरणाची वेळ आली कीं तो जुनें शरीर टाकून नवें धारण करतो. गीतेंतला जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त आमच्या वहिनींस तत्काळ आठवला. एक नट निवृत्त झाला कीं दुसऱ्यास त्याच्या जागीं आणावयाची ही सोय मोठी चतुर आहे. पण तिचा एक परिणाम असा कीं, नायक पुनःपुन्हां बदलतो आणि त्याला ओळखण्याची जबाबदारी मित्रांवर पडते. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम आहे.

डॉक्टर सहसा शस्त्र हातीं धरीत नाहीं. शत्रूशीं बोलून पाहावें, त्याची बाजू ऐकावी, युक्तीनें संकट टाळावें, ही त्याची रीत. अशा नायकाकडे आम्हां मास्तरांचा ओढा असणार हें उघडच आहे. म्हणूनच त्याच्या शेजारीं जेव्हां ओठावर कातरलेली मिशी, काखेंत छडी आणि जिभेवर हुकूम असा एक लष्करी अंमलदार येऊन उभा राहिला, तेव्हां आमच्या कपाळास आठी पडली. त्याचें पुरें नांव ॲलिस्टर गॉर्डन लेथब्रिज-स्टुअर्ट. आमच्या वहिनींनीं पहिल्याच रात्रीं तें बाजूस सारलें व त्याला नुसतें 'ब्रिगेडियर' म्हणावयास आरंभ केला. मालिकेंतले लोकहि तसेंच करतात. म्हणून आम्हीहि तसेंच करूं.

१९६८ सालच्या 'द वेब ऑफ फिअर' या कथेंत तो प्रथम येतो, व त्या वेळीं तो कर्नल असतो. लंडन शहराखालून धांवणाऱ्या आगगाडीच्या बोगद्यांत एक विलक्षण जाळें पसरत चाललें आहे, केसाळ यंत्रपशू माणसें मारीत आहेत, आणि मूठभर सैनिक तेथें अडकून पडले आहेत. आंतला कोणी तरी शत्रूस मिळालेला आहे, व तो हा कर्नलच असावा असा संशय प्रेक्षकास यावा, अशीच कथेची मांडणी आहे. आम्हांस तर तो संशय आनंदानें आला. शेवटीं तो खोटा ठरला तेव्हां आम्ही थोडे खट्टूच झालों.

या कथेची आणखी एक मौज आहे. बी. बी. सी.नें त्या काळच्या कित्येक फिती पुसून टाकल्या; या कथेच्या सहा भागांपैकीं पुष्कळ वर्षें एकच शिल्लक होता. नायजेरियांत सांपडलेल्या फितींमुळें २०१३ सालीं आणखी चार भाग लोकांसमोर आले, पण तिसरा कांहीं सांपडला नाहीं. आणि नेमक्या त्याच भागांत डॉक्टर व कर्नल यांची पहिली समोरासमोर भेट होते. त्या भागाचा आवाज तेवढा जतन झालेला आहे. म्हणून आम्हीं ती भेट स्थिर छायाचित्रें पाहत व आवाज ऐकत अनुभविली. ज्या स्नेहाची कथा पुढें चार तपांच्या घरांत चालली, त्याचा आरंभ डोळ्यांस धड दिसत नाहीं. विचार करतां, बहुतेक स्नेहांचें असेंच असतें. आपला अमक्याशीं स्नेह कोणत्या दिवशीं जडला, हें कोणास सांगतां येतें?

ही भूमिका निकोलस कोर्टनी या नटाकडे आली तीहि योगायोगानें. त्यांना आधीं कॅप्टन नाईट नांवाचें दुय्यम काम दिलें होतें. कर्नलच्या कामासाठीं ठरलेले डेव्हिड लँग्टन यांनीं तें सोडलें म्हणून कोर्टनींस बढती मिळाली. तो कॅप्टन त्याच कथेंत मारला जातो; म्हणजे ठरल्याप्रमाणें झालें असतें तर कोर्टनींचा शिपाई या एका कथेपलीकडे गेला नसता. कोर्टनी हे एका ब्रिटिश मुत्सद्द्याचे पुत्र, १९२९ सालीं कैरोस जन्मलेले. तरुणपणीं सक्तीची लष्करी नोकरी त्यांनीं केली ती अठरा महिने, आणि तीहि साध्या शिपायाच्या दर्जाची. लष्करांत राहण्याची हौस नसल्यामुळें ते बाहेर पडले. ज्याला खऱ्या सैन्याची गोडी लागली नाहीं त्यानें खोट्या सैन्यांतला अधिकारी जन्मभर वठवावा, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा.

त्याच वर्षाच्या अखेरीस 'द इन्व्हेजन' या कथेंत कर्नलचा ब्रिगेडियर होतो. परग्रहावरून येणाऱ्या संकटांस तोंड देण्यासाठीं संयुक्त राष्ट्रांनीं 'युनिट' नांवाचें एक पथक उभारलें आहे, व त्याच्या ब्रिटिश शाखेचा तो प्रमुख आहे. १९७० पासून डॉक्टरहि त्या पथकाचा शास्त्रीय सल्लागार होतो. कारण त्याच्या ज्ञातिबांधवांनीं त्याला शिक्षा म्हणून पृथ्वीवर स्थानबद्ध केलेलें असतें. येथून दोघांची जोडी जमते. आणि आमच्या रागासहि येथूनच खरा रंग चढला. डॉक्टरनें कांहीं समजावून सांगावें, आणि ब्रिगेडियरनें घड्याळाकडे पाहून 'मग याच्यावर गोळी चालते कीं नाहीं?' अशा अर्थाचें कांहीं तरी विचारावें. आम्हांस आमच्या वर्गांतले कांहीं विद्यार्थी आठवले. कितीहि मोठें काव्य शिकवा, 'हें परीक्षेला येणार का?' एवढेंच ते विचारीत.

रागाची परमावधि झाली ती १९७० सालच्या सिल्युरियन लोकांच्या कथेंत. मनुष्य जन्मास येण्यापूर्वीं या पृथ्वीवर सरपटणाऱ्या प्राण्यांपासून उत्क्रांत झालेली एक बुद्धिमान जात राहत होती, आणि संकट येणार म्हणून जमिनीखालीं यंत्रांच्या साहाय्यानें निजली होती, अशी या कथेची कल्पना. मनुष्यांनीं उभारलेल्या अणुशक्तिकेंद्रामुळें ती जागी होते. ही भूमि आमची, असें ते म्हणतात. ही भूमि आमची, असें आपण म्हणतों. डॉक्टर दोघांमध्यें समेट घडवूं पाहतो. दोन्हीकडचे माथेफिरू तो मोडतात, एक भयंकर सांथ पसरते, आणि शेवटीं सिल्युरियन पुन्हां निजतात. एकेकास हळूहळू उठवावें, बोलणें करावें, असें डॉक्टरनें योजिलेलें असतें. इतक्यांत दूरच्या टेकडीवरून त्याला स्फोट दिसतात. ब्रिगेडियरनें निजलेल्यांवरच सुरुंग उडविलेले असतात.

आम्ही त्या रात्रीं उठून उभे राहिलों. निद्रितांवर शस्त्र चालविणाऱ्या अश्वत्थाम्याची कथा आम्ही चाळीस वर्षें मुलांना सांगत आलों आहों. सौप्तिक पर्वांतलें तें पाप येथें समोर घडत होतें. वरून हुकूम आला असला पाहिजे, असें डॉक्टरची सहकारिणी म्हणते. पण हुकूम हें कांहीं उत्तर नव्हे. 'या माणसाचें तोंडहि आम्हांस पाहावयाचें नाहीं,' असें आम्हीं जाहीर केलें. नातू म्हणाला, 'आजोबा, चार दिवस थांबा.' वहिनी वात वळतां वळतां म्हणाल्या, 'भावोजी, डॉक्टर त्याच्याबरोबर राहतोच आहे ना? मग तुम्हांला कां घाई?'

वहिनींचा प्रश्न आमच्या मनांत राहिला. डॉक्टरनें त्या कृत्याला खून म्हटलें, आणि तरीहि तो ब्रिगेडियरच्या पथकांत राहिला. स्थानबद्ध होता म्हणून राहिला, हें खरें. पण तेवढेंच खरें नव्हे, हें पुढच्या कथांत दिसूं लागलें.

त्याच वर्षीं आलेल्या 'इन्फर्नो' या कथेंत आमच्या मताला पहिला तडा गेला. यंत्राच्या अपघातानें डॉक्टर एका समांतर जगांत जाऊन पडतो. तेथें इंग्लंडांत हुकूमशाही आहे. आणि तेथल्या लष्करी पथकाचा नायक आहे तो हाच माणूस: एका डोळ्यावर पट्टी, गालावर व्रण, मिशी नाहीं. तोहि दरडावतो. पण त्याच्या दरडावण्याखालीं भ्याडपणा आहे. संकट आलें कीं तो दुसऱ्यांच्या जिवावर आपला जीव वांचवूं पाहतो. एकाच नटानें एकाच कथेंत दोघे माणूस उभे केले, आणि आम्हांस प्रथमच उमगलें कीं करडा आवाज ही एक वस्तु आणि क्रौर्य ही दुसरी. आमचा ब्रिगेडियर ओरडतो, पण ऐकूनहि घेतो. त्याला डॉक्टरचें बोलणें निम्मेंहि समजत नाहीं. तरी 'हा माणूस खोटें बोलणार नाहीं' एवढी खूणगांठ त्यानें बांधलेली असते, व तिच्या जोरावर तो वरिष्ठांशीं भांडतो. न समजणाऱ्या विद्वानावर विश्वास ठेवणें हें आम्हां विद्वानांस वाटतें तितकें सोपें नाहीं.

या कथेच्या चित्रीकरणाची एक आख्यायिका कोर्टनी आयुष्यभर सांगत असत. डोळ्यावर पट्टी बांधून ते खुर्चींत पाठमोरे बसले होते. खुर्ची फिरवून तोंड दाखवावयाचें, असा प्रवेश. त्यांनीं खुर्ची फिरविली, तों समोरच्या यच्चयावत् लोकांनीं थट्टेनें डोळ्यावर पट्टी बांधलेली. कोर्टनी हंसले नाहींत. आपलें वाक्य त्यांनीं सरळ म्हटलें. ब्रिगेडियरनें अगदीं तेंच केलें असतें.

पुढें पुढें तर आम्हांस त्याची गंमतच वाटूं लागली. १९७१ सालच्या 'द डीमन्स' या कथेंत देवळाच्या कोनाड्यांतलें दगडी पिशाच्च पंख पसरून जिवंत होतें. गांव भयानें गोठलेला. ब्रिगेडियर मात्र, रस्त्यांत गाडी आडवी लावणाऱ्यास दटावावें अशा सुरांत, त्या पंखवाल्या गृहस्थावर पांच फैरी झाडण्यास आपल्या शिपायास सांगतो. १९७२-७३ च्या 'द थ्री डॉक्टर्स' या कथेंत त्याची सबंध कचेरीच उचलली जाऊन विश्वाच्या पलीकडच्या एका जगांत जाऊन पडते. बाहेर वाळू पाहून तो ठरवून टाकतो कीं आपण नॉरफोक परगण्यांतल्या क्रोमर या समुद्रकांठच्या गांवीं आलों आहों. आमच्या घरीं त्या रात्रीं इतकें हंसूं झालें कीं शेजारचे विचारावयास आले. पण हंसून झाल्यावर ध्यानांत आलें कीं, जग उलथेंपालथें झालें असतां 'हें क्रोमर आहे, चला कामाला लागूं' असें म्हणणारा एखादा माणूस घरांत लागतोच. तो चुकलेला असतो; पण त्याच्यामुळें बाकीचे भीत नाहींत.

आणि आतां ती ओळखण्याची गोष्ट. डॉक्टरनें देह बदलला कीं ब्रिगेडियरसमोर दर वेळीं एक परका माणूस उभा राहतो. १९७० सालीं तो रुग्णालयांत जुन्या मित्राला भेटावयास जातो, तों खाटेवर अनोळखी चेहरा. आणि तो चेहरा मात्र याला ओळखतो. त्या वेळीं त्याला पुष्कळ पटवून द्यावें लागलें. पुढें दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, पांचव्या आणि सातव्या अशा पांच डॉक्टरांच्या शेजारीं हा एकच माणूस उभा राहिला. आणि १९८९ सालीं एक नवाच, बुटका, छत्रीधारी गृहस्थ समोर आला तेव्हां त्यानें त्याला पाहतांच डॉक्टर म्हणून ओळखलें, आश्चर्य म्हणून दाखविलें नाहीं. मित्र म्हणजे चेहरा नव्हे, हें तत्त्वज्ञान आम्ही पोथ्यांतून शिकलों. या शिपायाला तें संवयीनें आलें.

आमचें मन पुरतें विरघळलें तें १९८३ सालच्या 'मॉड्रिन अनडेड' या कथेनें, व त्याला कारणहि तसेंच आहे. या कथेंत ब्रिगेडियर सैन्यांतून निवृत्त होऊन मुलांच्या एका शाळेंत गणित शिकवितो! ही भूमिका वास्तविक १९६३ सालच्या कथांतल्या इयन चेस्टरटन या शिक्षकासाठीं योजिली होती. तो नट मोकळा नव्हता म्हणून ब्रिगेडियरला मास्तर व्हावें लागलें. येथेंहि पुन्हां योगायोगच. पण काय योगायोग! मुलांच्या खोड्यांपुढें हैराण झालेला, एकट्यानें राहणारा हा माणूस; मध्यंतरीं एका धक्क्यानें त्याचें मन खचलेलें असतें आणि डॉक्टरची सारी स्मृति पुसली गेलेली असते. डॉक्टर समोर येतो. हा त्याला ओळखीत नाहीं. मग जुन्या सोबत्यांचीं नांवें निघतात, आणि एकेक चित्र मनांत उजळत जातें. शाकुंतलांत अंगठीनें जें केलें तें येथें दोन-चार नांवांनीं केलें. आम्हीं शाकुंतल कित्येक वेळां शिकविलें आहे. पण विसरलेल्या माणसाच्या बाजूनें तें दुःख आम्हांस प्रथम त्या रात्रीं दिसलें.

आणि त्याच रात्रीं आम्हांस आमचे कवायत-मास्तर आठवले.

मराठा पलटणींतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते आमच्या शाळेंत आले होते. आवाज असा कीं चौथ्या वर्गांत हांक मारली तर दहावीचे विद्यार्थी उभे राहत. शिक्षकांच्या खोलींत त्यांची थट्टा चाले, व त्या थट्टेंत आमचा वांटा लहान नव्हता. त्यांच्या बोलण्याच्या नकला आम्ही करीत असूं. एकदां तर त्यांच्यावर संस्कृत श्लोकहि रचला होता, आणि तो त्यांना समजत नाहीं याचाच आम्हांस आनंद होता. एका श्रावणांत नदीचें पाणी चढत चढत शाळेच्या पायरीस लागलें. मुलांना सोडावें कीं ठेवावें याविषयीं वरिष्ठांस विचारावें, म्हणून मुख्याध्यापकांच्या खोलींत आम्ही पत्राचा मसुदा करीत बसलों होतों. मसुदा पुरा करून बाहेर आलों तों शाळा रिकामी. कवायत-मास्तरांनीं मुलांच्या रांगा लावून, मोठ्या मुलांच्या हातीं दोर देऊन, सगळ्यांना टेकडीवरच्या देवळांत नेऊन पोंचविलें होतें. तेथें त्यांनीं तीनदां मोजणी केली. एक मुलगा कमी भरला. कमरेइतक्या पाण्यांतून ते एकटे परत आले आणि भिऊन बांकाखालीं लपलेल्या त्या पोराला खांद्यावर घालून गेले. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं त्याच पोराला रांग मोडल्याबद्दल दरडावलें, आणि आम्हांस तेवढेंच आठवत राहिलें. निरोपसमारंभांत आम्हींच भाषण केलें होतें. त्याच्या उत्तरादाखल ते एवढेंच म्हणाले, 'घरीं चहाला या एकदां.' आम्ही 'येतों' म्हटलें. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षें झालीं. त्यांचें गांव एस्. टी.नें दोन तासांवर आहे, आणि आम्ही गेलों नव्हतों.

१९८९ सालच्या 'बॅटलफील्ड' या कथेंत म्हातारा ब्रिगेडियर बायकोबरोबर बागेंत रमला आहे. बोलावणें येतें, आणि तो जुना गणवेष चढवून निघतो. एक राक्षस जग गिळावयास उभा आहे. चांदीच्या गोळ्यांनींच तो मरावयाचा, आणि जो मारावयास जाईल तो बहुधा परत यावयाचा नाहीं. जावयास डॉक्टर निघतो. ब्रिगेडियर त्याला ठोसा मारून बेशुद्ध करतो व त्याच्याऐवजीं स्वतः जातो. रक्षणासाठीं या जगाला तुझ्यापेक्षां बरा माणूस मिळाला नाहीं का, असें राक्षस हिणवून विचारतो. आपण आपल्या परीनें होईल तें करतों, अशा अर्थाचें तो उत्तर देतो आणि गोळ्या झाडतो. त्याला या कथेंत मारावयाचा, असा लेखकाचा मूळ बेत होता. तो पुढें बदलला. धूर विरल्यावर डॉक्टर त्याला गवतावर निपचित पडलेला पाहतो, व मेला असें समजून शोक करतो: तूं अंथरुणावर मरावयाचा होतास. इतक्यांत ब्रिगेडियर डोळे उघडतो.

हें वाक्य ऐकून आम्ही चमकलों. आमच्या महाभारतांत क्षत्रियानें घरीं रोगानें मरणें हा अधर्म मानला आहे. रणांत पडावें आणि स्वर्गास जावें, हीच त्याची सद्गति. आम्हीं पिढ्यान्‌पिढ्या तेंच शिकविलें. आणि येथें एक मित्र आपल्या शिपायासाठीं दुसरेंच मागत होता: याला म्हातारपण मिळो, बाग मिळो, आणि अखेरीस स्वच्छ अंथरुणावर झोंपेंत मरण मिळो. विचार करतां वाटलें कीं, शिपायाला रणांतलें मरण इच्छिणारे बहुधा आमच्यासारखे लोक असतात, जे स्वतः मसुदा करीत बसतात. त्याला अंथरुणावरचें मरण इच्छितो तो त्याचा खरा स्नेही.

निकोलस कोर्टनी २२ फेब्रुवारी २०११ रोजीं निवर्तले. त्याच वर्षाच्या १ ऑक्टोबर रोजीं दाखविलेल्या भागांत त्यांच्या ब्रिगेडियरलाहि निरोप देण्यांत आला. आपलें मरण ठरलेलें आहे हें ठाऊक असलेला डॉक्टर तें टाळीत पळत आहे. आपल्याला वेळच वेळ आहे, अशा घमेंडींत तो ब्रिगेडियरला भेटीस नेण्यासाठीं एका शुश्रूषागृहास दूरध्वनि करतो. पलीकडून परिचारिका सांगते कीं ते कांहीं महिन्यांपूर्वींच शांतपणें गेले. ते नेहमीं तुमची आठवण काढीत. तुम्ही आलांच तर असावा म्हणून ब्रँडीचा एक जास्त पेला भरून ठेवावयास लावीत. डॉक्टर ध्वनियंत्र खालीं ठेवतो. त्यानंतर तो पळत नाहीं. जो काळाचा स्वामी म्हणवितो, त्यालाहि भेटीची वेळ चुकवितां आली.

दिवाणखान्यांत कोणी बोललें नाहीं. वहिनींनीं डोळ्यांस पदर लावला. २०१४ सालीं आणखी एका भागांत त्याचें मरणोत्तर दर्शन घडविलें आहे. यंत्रमय कवचांत अडकलेल्या अवस्थेंतहि तो आपल्या मुलीस वांचवितो, आणि कवायती सलामीचा तिटकारा असलेला डॉक्टर त्याला सलामी देतो. ती कल्पना आम्हांस तितकीशी रुचली नाहीं. सलामी मात्र रुचली. पण आम्हांस खरा शेवट वाटतो तो त्या भरून ठेवलेल्या पेल्याचाच.

पुढच्या रविवारीं आम्ही सकाळची गाडी धरली. कवायत-मास्तर हयात आहेत. ऐंशी उलटली आहे, पाय चालत नाहींत, ओसरीवरच्या खाटेवर पडून असतात. सूनबाईंनीं ओळख करून दिली तरी त्यांना आमची ओळख पटली नाहीं. आम्हीं शाळेचें नांव सांगितलें, मुख्याध्यापकांचें सांगितलें. ते नुसते पाहत राहिले. अखेर आम्हीं पुराची गोष्ट काढली आणि सहज म्हटलें, 'त्या दिवशीं किती मुलें होतीं, आम्हांस आतां आठवत नाहीं.' ते क्षणभर आढ्याकडे पाहत राहिले, आणि मग त्याच जुन्या आवाजांत म्हणाले, 'दोनशें बारा. मोजून घेतलीं होतीं.' नंतर आमच्याकडे वळून म्हणाले, 'मास्तर, तुम्हांला फार वेळ लागला.' तें पुराच्या दिवसाविषयीं होतें कीं आमच्या येण्याविषयीं, हें आम्हीं विचारलें नाहीं. दोन्ही अर्थीं तें खरेंच होतें. चहा झाला, दुसराहि झाला. आतां महिन्यांतून एक रविवार आम्हीं त्यांच्यासाठीं राखला आहे.

वाचकहो, परग्रहांच्या आणि यंत्रपशूंच्या गोष्टींतून एका म्हाताऱ्या मास्तरानें काय मिळविलें, असें कोणी विचारील तर आमचें उत्तर एवढेंच आहे. प्रत्येक मोठ्या घरांत, प्रत्येक आळींत असा एखादा करड्या आवाजाचा माणूस असतो. त्याच्या नकला मुलें करतात, व मोठे त्यांना हंसून उत्तेजन देतात. त्याच्याकडे एकदां चहाला जावें. त्यानें पेला भरून ठेवलेला असतो, आणि तो किती दिवस भरलेला राहील याचा भरंवसा नसतो.